मंत्रचळ आणि मेंदूतलं वर्तुळ: स्कॅनवर काय दिसतं आणि काय दिसत नाही

"डॉक्टर, एकदा डोक्याचा एमआरआय काढून घेऊ या का?"

घरातल्या कुणाला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ आहे असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. जळगावात येतो, धुळ्यात येतो, शहाद्याकडून आलेल्या कुटुंबाकडूनही येतो. प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं की मेंदूतलं एक सर्किट नीट चालत नाही. त्यात मोबाइलवर कुणीतरी लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या मेंदूचा व्हिडिओ पाठवलेला असतो. सर्किट बिघडलंय म्हटल्यावर ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं असं कुणालाही वाटेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मंत्रचळ असलेल्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांमध्ये फरक असतो, हे खरं आहे आणि ते मोजलेलं आहे. पण तो फरक तुमच्या एकट्या माणसाच्या स्कॅनवर ओळखू येत नाही. आणि बरं होण्यासाठी त्या स्कॅनची गरज पडत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पायरीपायरीनं बघू.

आधी आजार ओळखू

मंत्रचळाचे दोन भाग असतात. पहिला भाग विचाराचा. नको असलेला, घाबरवणारा किंवा किळस आणणारा विचार पुन्हापुन्हा मनात घुसतो. दुसरा भाग सक्तीचा. त्या विचारानं आलेली अस्वस्थता शमवायला माणूस एखादी कृती करतो, थोडा वेळ बरं वाटतं, आणि विचार परत येतो. धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणणं, घरच्यांना तेच तेच विचारणं, हे सगळं या दुसऱ्या भागात येतं.

आपल्याकडची उदाहरणं घेऊ. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसानं साबणानं अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. हा शहाणपणा आहे. पण त्याच घरातली बाई फवारणीला महिना उलटून गेल्यावरही त्या कपड्यांच्या कपाटाला हात लागला म्हणून दिवसातून तीन-चार तास हात धूत असेल, मुलांना त्या खोलीत जाऊ देत नसेल, तर तिची परवड वेगळी आहे. रात्रपाळीची वीज असते तेव्हा विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बंद केला का, अशी शंका कुणालाही येते. एकदा जाऊन बघितलं की ती मिटते. ज्याची मिटत नाही, जो अंधारात पाच-सहा वेळा शेतात जातो आणि बंद बटणाकडे टक लावून बघूनही खात्री न पटता परततो, त्याला मंत्रचळ असू शकतो.

काहींच्या बाबतीत बाहेरून काहीच दिसत नाही. बाळंतिणीच्या मनात येतं की आपल्या हातून बाळाला विळा लागेल. देवभक्त माणसाच्या मनात देवापुढे उभं राहिल्यावर शिवी येते. ही माणसं शरमेनं वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. त्यांच्यासाठी इथे स्पष्ट लिहिते: असे विचार मंत्रचळात नेहमी आढळतात, ते तुमच्या इच्छेचे नसतात, आणि त्यांची तुम्हाला भीती वाटते हीच ते तुमच्या इच्छेविरुद्ध येत असल्याची खूण आहे.

भारतात २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण खान्देशाला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. प्रौढांमध्ये मंत्रचळाचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के निघालं. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांच्या घरात माणसं होती. त्यात प्रौढ पन्नास लाख धरले, तर हेच प्रमाण लावून चाळीस हजारांच्या आसपास आकडा येतो. हा माझा ढोबळ हिशोब आहे, पण आजार किती जवळचा आहे हे त्यावरून कळतं.

"मग आमचं सोवळं पण आजारच का?"

नाही. कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला घर सारवून-धुवून, सोवळ्यानं सगळं करायची रीत आहे. ती सगळ्यांची मिळून आहे, तिला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि ती पार पडली की मनाला समाधान मिळतं. मंत्रचळात समाधान मिळत नाही. शिवाय ज्याला तो असतो, त्याला बहुतेक वेळा स्वतःलाच कळत असतं की हे अति होतंय. निदानाच्या निकषांमध्ये एक साधी खूण दिली आहे: या विचारांत आणि कृतींत रोज तासाभराहून जास्त वेळ जातो का, किंवा त्यामुळे काम, शिक्षण, संसार अडतो का. रूढी पाळणाऱ्या माणसालाही मंत्रचळ होऊ शकतो. तेव्हा रूढीच्या चौकटीतल्या बायाच सांगतात की "इतकं कुणी करत नाही."

मेंदूतलं वर्तुळ म्हणजे काय

आता मेंदूकडे. एकच उपमा घेते, आणि ती भुसावळची. जळगाव ते भुसावळ रेल्वेनं गेलात तर मध्ये भादली लागतं. जुन्या पद्धतीत एका स्टेशनवरून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनकडून आधी 'लाइन क्लिअर' घ्यावी लागे. पुढचा मास्तर ती केव्हा देई? आधीची गाडी पूर्ण येऊन पोहोचली, तिच्या शेवटच्या डब्यामागची पाटी दिसली, म्हणजे मधल्या रुळावर काही उरलं नाही, अशी खात्री झाल्यावर. तोपर्यंत मागची गाडी जागेवर थांबे.

आपण कोणतंही काम करतो तेव्हा मेंदूत असाच निरोप फिरतो. डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वरचा, कपाळामागचा भाग (ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स) धोका, घाण, चूक, फायदा यांचं मोल ठरवतो. तिथून निरोप मेंदूच्या खोलवर असलेल्या स्ट्रायटमकडे जातो. कोणत्या कृतीला वाट द्यायची आणि कोणती रोखायची, याची निवड तिथे होते. पुढे थॅलॅमस नावाचं मोठं ठाणं लागतं, आणि तिथून निरोप परत कपाळामागच्या भागाकडे येतो. हेच ते वर्तुळ, डॉक्टर ज्याला सर्किट म्हणतात. अशी अनेक वर्तुळं शेजारीशेजारी चालतात: कुणी हालचालीचं, कुणी भावनेचं, कुणी नियोजनाचं. ही मांडणी १९८६ मध्ये अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी केली, आणि आजही ती पायाभूत मानली जाते.

स्ट्रायटममधून पुढे दोन वाटा फुटतात. एक थॅलॅमसला मोकळं सोडते, दुसरी त्याला आवरते. मंत्रचळात सोडणारी वाट वरचढ होते, त्यामुळे "काहीतरी चुकलंय" हा निरोप थांबायच्या ऐवजी गोलगोल फिरत राहतो, असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे. हात धुऊन झालेले असतात. डोळ्यांना ते स्वच्छ दिसतात. शेवटच्या डब्याची पाटी दिसली, पण 'गाडी आली' अशी नोंदच झाली नाही, असं काहीसं घडतं. लाइन क्लिअर येत नाही, म्हणून माणूस पुन्हा नळाखाली हात धरतो. "एवढे शिकलेले आहात, कळत नाही का?" असं त्याला विचारण्यात म्हणूनच अर्थ नसतो. कळण्यात कमतरता नाही. काम झाल्याची जी आतली जाणीव हवी, ती उमटत नाही.

अर्थात स्टेशन मास्तर विचार करतो, थॅलॅमस करत नाही. उपमा तिथवरच.

जोडणी मोजतात कशी

मेंदूचा कोणताही भाग कामाला लागला की तिथे प्राणवायू घेऊन येणाऱ्या रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की एमआरआय यंत्र हा फरक टिपू शकतं. याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, यात त्याची चाललेली कामं अप्रत्यक्षपणे दिसतात.

पुढचा टप्पा गाठण्यात भारतीय वंशाच्या भरत बिस्वाल यांचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसांना यंत्रात नुसतं पडून राहायला सांगितलं, कोणतंही काम दिलं नाही. तरीही हात हलवणारा डाव्या बाजूचा भाग आणि उजव्या बाजूचा भाग यांच्यातले चढउतार एकमेकांशी जुळत होते. म्हणजे माणूस निवांत असतानाही हे भाग आपसात ताळमेळ ठेवून असतात. दोन भागांच्या चढउतारातल्या या जुळणीलाच संशोधक जोडणी म्हणतात.

इथे एक गैरसमज होतो. जोडणी म्हटलं की तार डोळ्यांपुढे येते. समजा तुम्ही दूर टेकडीवर बसला आहात. जळगावचा आणि भुसावळचा सिग्नल तुम्हाला दिसतो, पण मास्तरांचं फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. दोन्ही सिग्नल दिवसभर एकाच वेळी बदलताना दिसले तर तुम्ही म्हणाल, यांच्यात काहीतरी बोलणं चालू आहे. बरोबर असेल. पण दोघंही तिसऱ्याच कार्यालयाचा हुकूम पाळत असतील, अशीही शक्यता राहते. फंक्शनल एमआरआय आपल्याला टेकडीवरून बघायला लावतं. प्रत्यक्ष रूळ, म्हणजे चेतातंतूंचे जुडगे, बघण्यासाठी एमआरआयचाच वेगळा प्रकार वापरतात. रूळ शाबूत असूनही वाहतूक बिघडू शकते, म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

मंत्रचळात काय सापडलं

सुरुवात जुनी आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातले मनोविकारतज्ज्ञ लुइस बॅक्स्टर यांच्या गटानं पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी) वापरून दाखवलं की मंत्रचळ असलेल्यांच्या मेंदूत कपाळामागचा तो भाग आणि स्ट्रायटमचा कॉडेट नावाचा हिस्सा नेहमीपेक्षा जास्त साखर खर्च करतात, म्हणजे जास्त राबतात. तेव्हापासून हे वर्तुळ अतिकामात आहे, अशी कल्पना रुजली.

पुढे जोडण्यांचे अभ्यास आले आणि चित्र गोंधळाचं झालं. एका गटाला जोडणी वाढलेली दिसे, दुसऱ्याला घटलेली. कारण साधं होतं: प्रत्येक अभ्यासात वीस, तीस, चाळीस माणसं. इतक्या थोड्या माणसांत योगायोगाचे फरकही खरे वाटतात. म्हणून जगभरच्या गटांनी आपापले स्कॅन एकत्र आणले. एनिग्मा नावाच्या या सहकार्याचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ ठिकाणचे १,०२४ रुग्ण आणि आजार नसलेली १,०२८ माणसं, इतका त्याचा आवाका.

त्यात दोन गोष्टी ठळक निघाल्या. पहिली, रुग्णांमध्ये बहुतेक फरक जोडणी *कमी* असण्याचे होते, आणि ते प्रामुख्यानं स्पर्श व हालचाल सांभाळणाऱ्या भागांमध्ये होते. दुसरी, थोड्या ठिकाणी जोडणी वाढलेली होती, आणि तिथे मुख्यतः थॅलॅमसचा संबंध होता.

मला यातली पहिली गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मंत्रचळ म्हणजे भीतीचा आजार, असं आपण धरून चालतो. पण कितीतरी रुग्णांना विचारा, ते सांगतात की भीती नाही वाटत, फक्त "बरोबर वाटत नाही". दार लावताना कडी हाताला हवी तशी लागत नाही. पाय पायरीवर हवा तसा पडत नाही. म्हणून पुन्हा. ही तक्रार स्पर्शाची आणि हालचालीची आहे. स्कॅनमधला फरक आणि ही तक्रार यांचा थेट धागा अजून कुणी सिद्ध केलेला नाही, पण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. आणि एकच वर्तुळ बिघडलं, हे जुनं चित्र अपुरं होतं, एवढं तर नक्की झालं.

मग माझ्या मुलाच्या स्कॅनवर का दिसणार नाही?

कारण हे फरक सरासरीतले आहेत, आणि लहान आहेत. हजार रुग्णांची सरासरी एकीकडे, हजार निरोगी माणसांची दुसरीकडे ठेवली तर फरक दिसतो. पण दोन्हीकडचे आकडे एकाच कागदावर मांडले, तर त्या अभ्यासातल्या सर्वात ठळक फरकाच्या बाबतीतही दोन्ही गट सुमारे ८९ टक्के एकमेकांवर येतात. एका माणसाचा आकडा बघून तो कोणत्या गटातला, ते सांगता येत नाही.

त्याच संशोधकांनी संगणकाला हजारो जोडण्या एकत्र देऊन रुग्ण ओळखायला शिकवून पाहिलं. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा जोड्या समोर ठेवल्या, तर संगणकाचा कौल शंभरातल्या ५७ ते ६७ जोड्यांत बरोबर येईल, इतकीच मजल गेली. नाणं उडवलं तरी पन्नास बरोबर येतात. आणखी एक बारकावा आहे. औषध चालू असलेले रुग्ण संगणकाला जरा बरे ओळखता आले, औषध न घेणारे तितके नाही. म्हणजे यंत्राला जे दिसत होतं, त्यातला काही भाग आजाराचा नसून औषधांचा असू शकतो.

म्हणून मंत्रचळाचं निदान आजही बोलून होतं. तज्ज्ञ नीट विचारपूस करतात. येल-ब्राउन नावाची एक मापनपट्टी आहे, ० ते ४० गुणांची, तिच्यावरून तीव्रता कळते आणि उपचारानं किती फरक पडला तेही. डॉक्टर कधीकधी एमआरआय लिहून देतात, पण तो दुसरं काही नाही ना हे बघण्यासाठी: त्रास उतारवयात अचानक सुरू झाला असेल, सोबत झटके येत असतील, हातापायातली शक्ती कमी झाली असेल तर. त्याला जरूर हो म्हणा. पण 'ब्रेन मॅपिंग करून ओसीडीचं पक्कं निदान' अशी जाहिरात दिसली, तर खिशात हात घालू नका. अशी मान्यताप्राप्त तपासणी आज कुठेही उपलब्ध नाही. कपाशीचे पैसे हातात आल्यावर त्यातले काही हजार अशा रंगीत कागदांवर गेले, आणि नंतर उपचाराच्या फेऱ्यांना पैसे उरले नाहीत, ही गोष्ट मला मनापासून छळते.

आधी मेंदू बिघडतो की आधी वागणं?

मेंदूत फरक आहे म्हटल्यावर लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, मग याचा काही दोष नाही आणि काही इलाजही नाही. काही म्हणतात, हा सारखा तेच करतो म्हणूनच मेंदू तसा झाला. माणसांच्या स्कॅनवरून याचा निकाल लागत नाही, कारण स्कॅन काढतो तेव्हा आजार होऊन बरीच वर्षं झालेली असतात.

उंदरांवरच्या प्रयोगांनी थोडा उजेड पाडला. २०१३ मध्ये सुझॅन अहमारी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत कपाळामागच्या भागातून स्ट्रायटमकडे जाणारी वाट प्रकाशाच्या साहाय्यानं चेतवली, रोज थोडा वेळ, असे अनेक दिवस. पहिल्या दिवशी काही झालं नाही. पुढे मात्र उंदीर सारखे अंग चाटू-घासू लागले, आणि चेतवणं थांबवल्यावरही दोन आठवडे ते टिकलं. नंतर दीर्घकाळ फ्लुओक्सेटिन दिल्यावर ते ओसरलं. हे माणसांना दिलं जाणारंच औषध आहे. म्हणजे त्या वाटेवर वारंवार वाहतूक झाली तर ती वाट स्वतःच बदलते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं दाखवलं की जनुकीय बदलामुळे आधीच सतत अंग घासणाऱ्या उंदरांमध्ये जवळच्याच पण वेगळ्या भागाला चेतवलं तर घासणं *थांबतं*. जोडणी वाढली म्हणजे वाईट, घटली म्हणजे चांगलं, असा सरळ हिशोब इथे चालत नाही. कोणती वाट, हे बघावं लागतं.

माणसांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो जवळपास निम्मा निघतो. उरलेलं आयुष्यातून येतं. आईबापांनी कडक वाढवलं म्हणून झालं, असं म्हणायला आधार नाही.

नुसतं बोलून मेंदू कसा बदलेल?

हा आक्षेप मी सर्वात जास्त ऐकते. "डोक्यात बिघाड आहे तर गोळी द्या, बोलून काय होणार?" पण मंत्रचळावरचा जो सर्वात भक्कम मानसोपचार आहे, त्यात बोलण्यापेक्षा करणं जास्त असतं. १९६६ मध्ये लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी त्याची सुरुवात केली. पद्धत अशी: जी गोष्ट अस्वस्थ करते तिला ठरवून सामोरं जायचं, आणि नंतरची सक्तीची कृती करायची नाही. अस्वस्थता चढते. ती तशीच राहू द्यायची.

फवारणीच्या भीतीनं हात धुणाऱ्या बाईचंच घ्या. तिला कुणी औषधाच्या डब्याला हात लावायला सांगत नाही. खऱ्या विषापासून दूर राहणं योग्यच आहे. तज्ज्ञ तिच्यासोबत बसून यादी करतात, कमी त्रासाच्या गोष्टीपासून जास्त त्रासाच्या गोष्टीपर्यंत. पहिल्यांदा धुऊन वाळवलेल्या कपड्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहायचं. मग कपाटाला बोट लावायचं आणि अर्धा तास हात धुवायचा नाही. मग तेच कपडे घडी करून ठेवायचे आणि लगेच भाकरी थापायला बसायचं. स्टार्टरवाल्या शेतकऱ्यानं बटण एकदाच बंद करायचं, घरी यायचं, आणि मन कितीही ओढलं तरी परत जायचं नाही.

सुरुवातीचे दिवस कठीण जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दरवेळी मेंदूला नवी माहिती मिळते: लाइन क्लिअर न घेता गाडी सोडली, आणि अपघात झाला नाही. हे पुरेशा वेळा घडलं की निरोपाची जुनी ओढ ढिली पडते. बॅक्स्टर यांच्याच गटानं १९९२ मध्ये काही रुग्णांचे उपचाराआधी आणि उपचारानंतर पेट स्कॅन काढले. काहींना फ्लुओक्सेटिन दिलं होतं, काहींना फक्त हा वर्तनोपचार. दोन्ही गटांत ज्यांना बरं वाटलं, त्यांच्या उजव्या कॉडेटचं अतिकाम उतरलेलं होतं. रुग्ण मोजकेच होते, तरी या निष्कर्षानं एक भिंत पाडली. मेंदूचा आजार आणि मनाचा उपचार ही दोन वेगळी खाती नाहीत.

गोळ्यांची भीती

मंत्रचळावर देतात ती औषधं (फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन वगैरे) मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि त्यांची नशा चढत नाही. दोन गोष्टी आधी माहीत असल्या तर बरेच गैरसमज टळतात. नैराश्यासाठी लागतो त्यापेक्षा इथे डोस बहुधा जास्त लागतो. आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून गोळ्या बंद करणारे फार आहेत. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, ती बहुतेकांची ओसरते. गोळ्या आपल्या मनानं एकदम थांबवू नयेत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्यात. औषधानं साधारण निम्म्या लोकांना चांगला गुण येतो, वर्तनोपचाराची जोड दिली तर आणखी चांगला.

सगळं करूनही ज्यांचा त्रास हटत नाही असे थोडे उरतात. त्यांच्यासाठी वर्तुळाचं ज्ञान थेट उपयोगी पडतं. २००९ मध्ये अमेरिकेत अतितीव्र मंत्रचळासाठी मेंदूत खोलवर तारा बसवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या शस्त्रक्रियेला मर्यादित परवानगी मिळाली. २०१८ मध्ये बाहेरून चुंबकीय लहरी देण्याच्या पद्धतीला मंजुरी मिळाली. दोन्हींचा नेम याच वर्तुळावर असतो. पण हा पहिला उपाय कधीच नसतो.

घरच्यांचा वाटा

"पोऱ्याले काय व्हयनं, समजस नही," असं म्हणत आई त्याच्यामागून फिरते. "हात स्वच्छ झाले ना गं?" असं त्यानं विसाव्यांदा विचारलं तरी ती "हो रे बाबा" म्हणते. प्रेमापोटीच म्हणते. पण प्रत्येक "हो" म्हणजे बाहेरून दिलेली लाइन क्लिअर, आणि ती मिळत राहिली की आतली तयार होत नाही. दुसरीकडे उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, टाकी एका माणसाच्या धुण्यात रिकामी होते, आणि बापाचा संयम सुटतो. ओरडल्यानं ताण वाढतो, आणि ताण वाढला की धुणंही वाढतं.

मधला रस्ता आहे. माणूस शांत असताना त्याच्याशी बसून ठरवा: "तू विचारलंस तर आम्ही एकदाच उत्तर देऊ, नंतर म्हणू की हा मंत्रचळ बोलतोय, आपण थांबू या." ठरल्याप्रमाणे थोडं थोडं कमी करा, एका दिवसात सगळं बंद करू नका. उपचार करणाऱ्यांना विचारून केलंत तर उत्तम. भगताकडे, दर्ग्यावर, देवाला जाऊन मनाला धीर येत असेल तर जा, फक्त त्यासाठी उपचार लांबवू नका. हा आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, आणि वाट बघण्यात शिक्षणाची वर्षं जातात.

कुठे जायचं, काय सांगायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीपासून सुरुवात करता येते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मंत्रचळासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, तिथवर जायची वेळ सहसा अवघड रुग्णांवरच येते. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखीच मानसिक आजारांच्या उपचारांचीही सोय द्यायची आहे, तेव्हा पॉलिसी काढून बघा.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: कोणता विचार येतो, त्यावर काय करावं लागतं, आणि दिवसाचा किती वेळ जातो. तोंडानं सांगायला लाज वाटत असेल तर कागद डॉक्टरांच्या हातात द्या. आणि त्यांना विचारा, "वर्तनोपचार इथे मिळेल का, नसेल तर फोनवरून कुणाकडे घेता येईल?" एमआरआयचा प्रश्न विचारायचा असेल, तर तो त्याच्यानंतर.